एका डब्यातल्या गोळ्या

दमणं हा आजार मानला असता, तर त्याच्या अभ्यासासाठी पहिला रुग्ण म्हणून मीच नाव नोंदवलं असतं. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एका औषधाच्या चाचणीवर डॉक्टर होते. औषध होतं अर्धशिशीवरचं. सोमवारी बारामतीला तपासणी, गुरुवारी इंदापूरला, आणि मधल्या दिवसांत जीप घेऊन गावोगाव. उसाचा हंगाम लागला की रस्ताभर ट्रॉल्या. एकीच्या मागं अडकलं की ती जाईल त्या वेगानं जायचं. मांडीवर रक्तदाबाचं यंत्र, पायाशी गोळ्यांचं खोकं, आणि बऱ्याचदा माझंच डोकं ठणकत असलेलं. "डोकेदुखीच्या डॉक्टरणीला डोकं दुखून कसं चालंल?" असं म्हणून ड्रायव्हरमामा टेप लावायचे. त्यांच्याकडे एकच कॅसेट होती आणि तिला मोठ्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

नवऱ्यांचा एक विनोद ठरलेला असे. बायको तपासायला बसली की दाराच्या चौकटीला टेकून म्हणायचे, "बाई, हिचं डोकं दुखत न्हाय, फिरलंय. त्याच्यावर गोळी हाय का?" आणि स्वतःच हसायचे. पहिल्या आठवड्यात मीही हसले. नंतर हसायचं सोडलं. पुढं पुढं "तुमचं कधी तपासायचं?" असं मी उलट विचारायला लागले, तर त्यांना तोही विनोदच वाटायचा. शेवटी कानाला खडा लावला आणि रक्तदाबाच्या काट्याकडे बघत राहायची सवय केली.

अर्धशिशी ज्यानं काढली आहे त्यालाच ती कळते. अर्धं डोकं, एक डोळा. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला तरी पोटातलं बाहेर. बघणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. बाई अंधारात पडलेली दिसते, एवढंच. आणि ज्या घरात उजाडल्यापासून बाईनं पडून राहायची सोयच नाही, तिथं हे दुखणं खरं आहे असं पटवणं म्हणजे डोंगर फोडणं.

आमच्या चाचणीची रीत अशी होती. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या, ज्यांत औषध नाही. कुणाला कुठली, हे त्या बाईलाही माहीत नाही आणि मलाही नाही. ते पुण्यात, बंद लिफाफ्यांत. यामागं कारण आहे. डोकं दुखणाऱ्या माणसाला कुणी नुसतं जवळ बसवून विचारपूस केली तरी चार दिवस बरं वाटतं. मग गुण औषधाचा की विचारपुशीचा, हे कळायला दुसरा रस्ता नाही. मला ही रीत तेव्हाही पटत होती, आजही पटते. पण पटणं वेगळं आणि तिच्यापायी रोज शब्द खर्ची घालणं वेगळं. गावात मी सांगायची, "चिठ्ठ्या टाकतो तसं आहे. कुणाच्या वाट्याला औषध, कुणाच्या वाट्याला पीठ." बाया माना डोलवायच्या. सही करायच्या, अंगठा द्यायच्या. मान डोलावणं ही तिथं पाहुण्याला दिलेल्या पाण्यासारखी गोष्ट आहे. ती सगळ्यांनाच मिळते.

कण्हेरीहून तिघी आल्या त्या एका सोमवारी. पुढं सासू, मागं दोन सुना. एकेकाळी त्यांच्या घरात मेंढरं होती. सासूनं तरुणपणी कळपामागं कोकणापर्यंत पायपीट केली होती, एक पोर वाटेतच झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तळ हलला तेव्हा ती पोर पाठीला बांधून चालू लागली होती. हे तिनं मला बसल्या बसल्या ऐकवलं, नाडी बघण्याच्या आत. आता मेंढरं गेली होती, कॅनॉलचं पाणी आलं होतं, कांदा नि भाजीपाला पिकत होता. थोरला मुलगा शेती बघायचा, धाकटा कारखान्यावर जायचा.

"दोघींचंबी डोकं दुखतंय," सासू म्हणाली. "थोरलीचं मला ठावं हाय, खरं हाय. ती दुखत असताना बी भाकरी थापती, मग पडती. ही धाकली मात्र आधीच पडती. हिचं दुखणं हाय का नाटक हाय, तेवढं सांगा बाई. दुसरं काय नगं."

थोरली सून हाडापेरानं मोठी, कपाळावर रुमाल आवळून बांधलेली. धाकटी माहेरची बावड्याची, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, बारीक, खाली बघणारी. मी दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघींचं दुखणं एकाच जातीचं. फरक एवढाच की धाकटीला उलट्या जास्त व्हायच्या आणि उभं राहवायचं नाही. मी सासूला तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. गोळ्या फुकट आहेत हे मात्र तिला लगेच पटलं. दोघी चाचणीत आल्या.

घरी डोकं दुखेल त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करायची असे. मी बायकांना सांगायची, हाताशी कुंकू असतं, त्याचा ठिपका लावा. ही माझी हुशारी. सासू भडकली. "दुखण्याला कुकू? बरं शिकलाय की!" मग चुलीतल्या कोळशाचा ठिपका ठरला. पुढच्या भेटीला कण्हेरीच्या घरी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला शेजारीशेजारी दोन दिनदर्शिका, आणि फळीवर शेजारीशेजारी दोन बाटल्या. प्रत्येकीवर एकेकीचं नाव. त्या घरात सुनेचं नाव असलेली ती पहिलीच वस्तू असावी. भांड्यांवर होतं ते सासऱ्याचं नाव. तेलाची बाटली एक, कंगवा एक, आरसा एक, चहापत्ती एका डब्यात, आणि दोघींच्या माहेरहून काही आलं तर तेही आधी सासूच्या हातात, मग दोघींत सारखं. सासू बाटल्यांकडे बघून म्हणाली, "एका चुलीवर दोन नावं आली बगा." ती हसत म्हणाली खरी, पण तिला ते आवडलं नव्हतं.

दोन महिन्यांत थोरलीच्या दिनदर्शिकेवरचे काळे ठिपके विरळ झाले. तिचा कपाळावरचा रुमाल सुटला. तपासणीला आली की ती बाकावर बसून इतर बायकांशी गप्पा ठोकायची, आणि तिचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. धाकटीच्या दिनदर्शिकेवर मात्र आधी होते तेवढेच ठिपके. झालं. सासूला हवा होता तो निकाल मिळाला.

"घर एक, गोळी एक, सगळं एक," ती मला म्हणाली. "एकीला गुण आला, दुसरीला न्हाय. मग दुखणं कुठलं?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सुरू झाले. चिठ्ठ्या. औषध. पीठ. कदाचित धाकटीच्या वाट्याला पीठ आलं असेल, त्यात तिचा काय दोष. सासूनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "एवढ्या लांबनं जीप घालून तुमी पीठ वाटाया येताय व्हय?"

बारामतीच्या स्टँडवर शेंबड्या पोरालाही पटेल असा तिचा मुद्दा होता. मला रागही आला आणि हसूही आलं, आणि त्या दोन्हीपेक्षा झोप जास्त आली होती.

धाकटीला मी एकटीला गाठलं. म्हटलं, तू चाचणीतून बाहेर पड. बाजारात एक जुनं औषध मिळतं, पुष्कळांना त्याचा गुण येतो, मी लिहून देते. ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "बाई, दुसऱ्या गोळीनं बरं वाटलं तर आत्या म्हणतील, बोलणी खाल्ली तवा सुदारली. आक्काला ज्या गोळीनं गुण आला, त्याच गोळीनं मला यायला पायजे. न्हायतर तुमचा तो लिफाफा उगडूंदे. मी खोटं बोलत न्हाय, एवढंच कळूंदे." आत्या म्हणजे सासू, आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. डोकं थांबावं यापेक्षा आपल्यावर विश्वास बसावा, हे त्या मुलीला जास्त हवं होतं. आणि तिला उगाच वाटत नव्हतं. नवरा आता घरात उघड बोलायला लागला होता की हिला बावड्याला सोडतो, बरी झाली की बघू.

मी इंदापूरच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला चाचणीच्या मुख्य साहेबांना फोन लावला. काचेच्या खोपटात उकडून निघत होतं, समोर बिलाचे लाल आकडे पळत होते. साहेब भला माणूस, ओरडत नसत. ते म्हणाले, "जिवावर बेतलं तरच लिफाफा उघडायचा, हे तुम्हाला माहीत आहे. डोकेदुखीनं कुणी मरत नाही, डॉक्टर." बरोबर होतं त्यांचं. एका बाईसाठी लिफाफा उघडला तर उद्या दहाजणींसाठी उघडावा लागेल, आणि मग चाचणी कसली? मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. मला त्या बरोबर असण्याचा भयंकर संताप आला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक वेगळंच होऊ लागलं. थोरलीच्या कपाळावर रुमाल परत आला. तिच्या दिनदर्शिकेवर ठिपके वाढले. आणि धाकटीचे कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, पण कमी झाले. उरलेल्या गोळ्या मोजल्या तर दोघींच्या बरोबर. "नियमानं घेता ना?" "घेतो की." "मग?" थोरली खांदे उडवायची. मी कपाळाला हात लावला. औषधाचा गुण ओसरत चालला असेल, ऋतू बदलला असेल, असं काहीबाही मनाशी म्हणून पुढच्या गावाला गेले.

सासूला मात्र कारण लगेच सापडलं. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," ती म्हणाली, "वाण न्हाय पण गुण लागला. माजी थोरली बाय उभ्यानं दुखणं काडायची, आता भरल्या दिवसाची पडती. धाकलीनं नाद लावला तिला." आणि हा नाद वाढू नये म्हणून धाकट्या मुलानं बायकोला एसटीत बसवून बावड्याला नेऊन सोडलं. तिकडं सुनेला माहेरी सोडलं की ती आपली आपण परत येत नाही. सासरचं माणूस न्यायला यावं लागतं. नवरा, दीर, फार तर सासरा. आणि कुणीच आलं नाही तर ती तिथंच राहते. तिचं कुणी काही मोडत नाही, तोडत नाही. ती फक्त न्यायची राहून जाते.

बावडा इंदापूरकडचं, म्हणून धाकटी आता गुरुवारच्या तपासणीला येऊ लागली. पहिल्याच गुरुवारी वडील तिला घेऊन आले. वांगी-टोमॅटो पिकवणारा, हाताची बोटं मातीनं कायमची रंगलेली, मऊ बोलणारा माणूस. ते मला म्हणाले, "ताई, पोरीचं डोकं दुखायचं थांबतंय का न्हाय त्ये नंतर बघू. हिला न्यायला कोण येतंय का, तेवढं तुमच्या कानावर आलं तर सांगा."

मी धाकटीकडे बाटली मागितली. तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत गोळ्या.

"बाटली कुठंय?"

"बाटली न्हाय. निघताना आक्कानं डब्यातल्या काडून दिल्या."

"कुठल्या डब्यातल्या?"

ती गोंधळली. माझा आवाज चढला असावा. "चहापत्तीच्या. रिकामा डबा हुता. आक्कानं दोन्ही बाटल्या त्यात वतल्या. म्हणाली, दोन बाटल्या कशापायी, फळीवर जागा न्हाय. रोज दोघी एकेक घेतो. तपासणी आसली की मोजून परत बाटल्यांत भरतो."

मी कपाळ धरून बसले. सगळ्या तालुक्यात, सगळ्या गावांत, इतक्या घरांत मी घसा फोडून सांगितलं होतं की जिची तिनं घ्यायची. कुणाच्या गोळ्या उंदरांनी नेल्या, कुणाच्या पावसात विरघळल्या, एकीनं म्हशीला चारल्या. पण दोन बाटल्या एका डब्यात ओतून, हलवून, वाटून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाला कुठली गोळी येईल हे आता त्या डब्यालाच माहीत. आणि मग, जरा वेळानं, माझ्या थकलेल्या डोक्यात शिरलं. थोरलीचं वाढलं होतं आणि धाकटीचं उतरलं होतं, ते यामुळे. मला लिफाफ्याची गरजच उरली नव्हती.

सोमवारी थोरली आली तेव्हा मी तिला दार लावून विचारलं. फार रागानं विचारलं. ती घाबरली नाही.

"तुमीच म्हणाला की, एकीच्या बाटलीत पीठ आसंल," ती म्हणाली. "मला बरं वाटाया लागलं तवा मला कळलं, औषध माज्यात हाय. मग ती तिकडं भिताडाला टाळू लावून पडली आसताना मी तिच्या म्होरं एकटीनं औषध कसं खाऊ? माज्या ताटात तूप आन् तिच्या ताटात न्हाय, आसं मी त्या घरात कधी जेवले न्हाय."

"अगं, गोळी म्हणजे तूप नव्हे! तुझं दुखणं परत आलं ना?"

"आलं की," ती म्हणाली. "निम्मं आलं. तिचं निम्मं गेलं."

"मग सासूला का नाही सांगितलंस? धाकटीला घालवली तेव्हा तरी?"

इथं मात्र तिनं कपाळावरचा रुमाल सोडून परत आवळला. मग म्हणाली, "तुमी आमा दोघींना काडून टाकाल, मग दोघींचंबी औषध जाईल, म्हणून भ्याले." आणि रडायला लागली. मीही रडले असते, पण बाहेर बाकावर रांग होती.

ती भ्यायली होती ते खरंच झालं. मी पुण्याला कळवलं, कळवावंच लागतं, आणि दोघींची नावं चाचणीतून वगळली गेली. मी म्हटलं, आता वगळल्याच आहेत तर त्यांचे दोन लिफाफे उघडा. साहेब म्हणाले, सगळ्यांचे एकदमच उघडायचे. पुढं चाचणी संपली, लिफाफे उघडले, तेव्हा या दोघी मोजणीतच नव्हत्या, त्यामुळे त्यांचे उघडायचं कुणाला कारण उरलं नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे ते तसेच रद्दीत गेले.

वगळल्याचं सांगायला मी कण्हेरीला गेले. सासू अंगणात कांदे निवडत बसली होती. खराब कांदा एका बाजूला, चांगला दुसऱ्या बाजूला. मी डब्याची सगळी हकीकत सांगितली. थोरली दारात उभी होती, रुमाल बांधून. सासूचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे थोरलीच्या बाटलीत औषध हुतं."

"असणार."

"आन् धाकलीच्यात पीठ."

"असणार."

"आसणार म्हंजे? तुमीच दिलं न्हवं?"

"दिलं मीच. पण मला माहीत नव्हतं कुठलं कुणाला."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मेंढराला डोस पाजताना बी आमी इचारत हुतो बाई, कशाचा हाय म्हणून." पुन्हा कांदे. मी या कामाला आता कंटाळलेय, उद्या राजीनामा देते, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. असं मला आठवड्यातून दोनदा तरी वाटायचं.

मग थोरली दारातून बोलली. हळू, पण थांबली नाही. "आत्या, मला दुकतंय तवा तुमी मला पडू देता. माज्या डोक्याला तेल लावता. तिला बी तसंच दुकतं. मला ठावं हाय, मला बी तेच हाय. माजं खरं आन् तिचं खोटं, आसं कसं आसंल?"

सासू हातातल्या कांद्याकडे बघत म्हणाली, "ती उलट्या करायची तवा मी म्हणायची, घास जास्ती झाला आसंल." एवढंच. मी दोघी सुनांसाठी ते जुनं औषध लिहून दिलं आणि निघाले. धाकट्या मुलाला न्यायला पाठवा, असं म्हणायचं ओठावर आलं होतं. म्हटलं नाही. मी त्या घरची कोण?

त्या गुरुवारी इंदापूरला रांग संपत आली होती, आणि बाकाच्या टोकाला दोन ओळखीच्या बायका दिसल्या. सासू आणि थोरली. एसटीनं आल्या होत्या. सासूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात नारळाची पिशवी होती.

"बावड्याला जायचंय," ती म्हणाली. "पोरगा म्हणतो, मी न्हाय जात. म्हनलं ऱ्हा. तुमी संगट चला बाई. मला तितं बोलाया जमायचं न्हाय."

सासूनं सुनेला न्यायला जाणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलाच्या आईनं विहिणीच्या दारात आपल्या पायानं जायचं म्हणजे आपलं चुकलं असं गावादेखत सांगायचं. कोकणापर्यंत चाललेली ती बाई जीपमध्ये चढताना दोनदा थांबली. रस्ताभर ड्रायव्हरमामांची कॅसेट चालू होती. मी मनात भाषण जुळवत होते. औषध, पीठ, लिफाफा, कुणाची चूक नाही, सगळ्यांचीच थोडीथोडी. दिवस कलायला लागला होता. बावड्याहून परतीची शेवटची एसटी गाठायची, असं दोघींचं ठरलं होतं.

आम्ही उतरलो, मामा टेप चालू ठेवून जीपमध्येच थांबले. वडील अंगणातच होते. विहीणबाईंना बघून ते इतके गडबडले की डोक्यावरची टोपी त्यांनी काढली आणि परत घातली. मी तोंड उघडलं, तोवर सासूनं विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

वडिलांनी एकदा घराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हाय की. आत हाय. तोंड धुतीया. आत्ता येती." त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. आजच, नेमकी आजच तिला अर्धशिशी उठली होती, आणि न्यायला आलेल्या माणसांपुढं ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

ती आली. केस विंचरलेले, ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. ओठांवर हसू. डावा डोळा मात्र अर्धा मिटलेला, आणि चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा. ती सासूच्या पाया पडायला वाकली, आणि वर येताना तिनं भिंतीला हात टेकला.

"दुकतंय?" सासूनं विचारलं.

"न्हाय आत्या," धाकटी म्हणाली. "बरी हाय मी. एकदम बरी हाय. पिशवी भरलीय. चला."

सासू तिच्या त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत राहिली.

"खोटं बोलू नगंस," ती म्हणाली.

दोन वर्षं त्या मुलीनं हेच शब्द ऐकले होते, आणि आज पहिल्यांदा ती खरोखरच खोटं बोलली होती. तिचं हसू गळून पडलं. सासूनं तिला दंडाला धरून आत नेलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा ती तिला घोंगडीवर निजवत होती. मग स्वतः भिंतीला टेकून खाली बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोरलीला म्हणाली, "ती खिडकी लाव. उजेड नगं."

"आत्या, एसटी जाईल," धाकटी पुटपुटली.

"जाऊंदे. थांबंल तवा जाऊ. न्हाय थांबलं तर उद्याच्याला जाऊ."

माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं. अंगणातल्या बाजेवर बसले, वडिलांनी दिलेला चहा घेतला, आणि मला रडू आलं. किती वर्षांचं कुणास ठाऊक. त्या चाचणीत मी शेकडो बायका तपासल्या असतील, पण ज्या एका गोष्टीसाठी ती मुलगी माझ्याकडे आली होती ती तिला माझ्याकडून मिळाली नाही, तिच्या जावेच्या चहापत्तीच्या डब्यातून मिळाली. शेवटची एसटी फाट्यावर हॉर्न वाजवून निघून गेली. वडिलांनी रस्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला, मेंढरांना हाळी घालणारा, अख्ख्या बावड्याला ऐकू जाईल असा. "आवं, त्या गाडीतलं गाणं बंद करा की! पोरीला तरास हुतोय!"

मी स्वतः उठून जीपपाशी गेले आणि टेप बंद केला.